चिठ्ठी पाकिटात आहे, पाय उचलत नाही

पत्र : ताई, माझा दीर सुरतेला लूमवर कामाला आहे. वय 26. श्रावणात गावी आला तेव्हा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी एका खासगी दवाखान्यात त्याचं रक्त तपासलं, तिथे एचआयव्ही आहे असं कळलं. न विचारता तपासलं आणि कंपाउंडरच्या समोर सांगितलं. तिथून सरकारी दवाखान्यात पाठवलं, पुन्हा तपासणी झाली, तेच आलं. त्यांनी एआरटी केंद्राची, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्राची, चिठ्ठी दिली. आज सहा आठवडे झाले, ती चिठ्ठी पाकिटात घेऊन तो सुरतेला निघून गेलाय. ऑपरेशनही राहिलं. घरात फक्त मला माहीत आहे. फोन केला की म्हणतो, ‘वहिनी, माले काहीच त्रास नही, मंग कसाले जाऊ?’ सासूबाई दिवाळीनंतर मुलगी पाहायला निघाल्या आहेत. ह्यांना सांगू का? नणंद तिकडेच लिंबायतला राहते, तिला सांगू का? कोणीतरी सातपुड्यातली मुळी देतो म्हणे, तीन महिन्यांत रक्त साफ होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा तो चौथीत होता, त्याचा डबा मीच भरायची. रात्री झोप लागत नाही.
— एक वहिनी, अमळनेर तालुका

वहिनी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका शब्दावर थांबले : पाकिटात. त्याने चिठ्ठी फाडली नाही, तापीत फेकली नाही. सोळा वर्षं मी सरकारी केंद्रात काउन्सेलर म्हणून टेबलामागे बसले. दाराबाहेर पडताच चिठ्ठीचा बोळा करणारी माणसं मी पाहिली आहेत. ज्याने ती सहा आठवडे पैशांच्या शेजारी जपून ठेवली, त्याला जायचं आहे. एकट्याने जायचं होत नाहीये, इतकंच.

म्हणून उत्तर आधी सांगते, कारणं मागून. ह्यांना सांगू नका. नणंदेला आजाराचं सांगू नका, पण तिच्या घरी दोन दिवस राहायला जा. भाऊबिजेआधीचे दिवस आहेत, वहिनी नणंदेकडे आली याचं कुणाला नवल वाटणार नाही. आणि त्यातल्या एका सकाळी दिराला बरोबर घेऊन एआरटी केंद्राच्या बाकावर बसा. बाकी सगळं त्या बाकानंतर.

हे मी इतक्या खात्रीने का सांगते, त्यामागे माझी एक चूक आहे. नोकरीतली सुरुवातीची वर्षं. मी ज्या रुग्णालयात होते तिथे तपासणीची खोली एका इमारतीत आणि एआरटी केंद्र आवारातच पलीकडच्या इमारतीत. मधे एक कडुनिंब आणि चहाची टपरी. एक ड्रायव्हर आला, आग्रा रोडवर गाडी चालवायचा. रिपोर्ट सांगितला, समजावलं, रडला, शांत झाला. मी चिठ्ठी लिहिली, सही केली आणि खिडकीतून बोट दाखवलं : ती समोरची पिवळी इमारत. माझ्या दाराशी अजून नऊ जण उभे होते. तो गेला. संध्याकाळी रजिस्टर जुळवताना कळलं, तो पलीकडे पोहोचलाच नाही. दिलेला नंबर बंद. जवळपास तीन वर्षांनी त्याची बायको त्याला रिक्षातून घेऊन आली, अंगात क्षय भिनलेला, वजन निम्मं. तिने ब्लाउजमधून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीत घडी घातलेला कागद. माझीच चिठ्ठी, माझीच सही. नंतर मी ते अंतर पावलांनी मोजलं. नव्वद पावलं होती.

त्या दिवसापासून मी चिठ्ठी देऊन कुणाला एकटं सोडलं नाही. टेबल सोडून त्याच्याबरोबर चालत जायची. मागे रांग लागायची, साहेब ओरडायचे. ओरडू देत.

या कामात एक हिशेब सांगतात, 95-95-95. एचआयव्ही असलेल्या शंभरातल्या 95 जणांना आपल्याला तो आहे हे माहीत असावं, माहीत असलेल्यांतले 95 टक्के औषधावर असावेत, औषधावरच्यांतल्या 95 टक्क्यांचा विषाणू दबलेला असावा. कागदावर पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यामधे नुसती एक आडवी रेघ असते. तुमचा दीर आत्ता त्या रेघेवर उभा आहे.

आता त्याचं ते वाक्य, ‘माले काहीच त्रास नही.’ खोटं बोलत नाहीये तो. विषाणू शरीरात शिरला तरी वर्षानुवर्षं माणूस लूम चालवतो, क्रिकेट खेळतो, आखाजीला पत्त्यांचा डाव मांडतो. आत मात्र सीडीफोर नावाच्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी गुपचूप कमी होत असतात. आणि खरं सांगू का, हे वाक्य लोकांना आम्हीच शिकवलं. 1 एप्रिल 2004 ला सरकारने मोफत एआरटी सुरू केली तेव्हा सीडीफोर 200 च्या खाली उतरल्याशिवाय, किंवा आजार फार वाढल्याशिवाय, गोळी मिळत नव्हती. पुढे ती रेघ 350 वर आली, मग 500 वर. रेघेच्या वर असलेल्याला आम्ही काय सांगायचो? ‘तुम्हाला अजून गरज नाही, सहा महिन्यांनी या.’ माणूस आनंदाने घरी जायचा आणि सहा महिन्यांनी यायचा नाही. 2017 पासून ही भानगड संपली. रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणजे गोळी सुरू, सीडीफोर कितीही असो. त्याला सांगा, त्रास नाही म्हणूनच आज जायचं. क्षय किंवा मेंदूज्वर घेऊन येणाऱ्याची आधी ती औषधं सुरू करावी लागतात, एआरटी त्याच्यामागून येते, गोळ्याही वाढतात. धडधाकट माणसाचं काम सोपं असतं. कित्येकदा त्याच दिवशी किंवा आठवड्याभरात गोळी हातात पडते.

सुरत की धुळं, की जळगाव? तुमच्या मनात जळगाव असेल, कारण चिठ्ठी त्या जिल्ह्यातली. मी सुरत म्हणते. नाव तिथे नोंदवावं जिथे माणूस वर्षातले दहा महिने झोपतो. सुरुवातीला पंधरा दिवसांनी, मग दर महिन्याला जावं लागतं. प्रत्येक वेळी सुरत-भुसावळ गाडीने अमळनेरला उतरून पुढे जळगाव गाठायचं आणि दोन दिवसांची मजुरी बुडवायची, हे तीन महिन्यांच्या वर चालत नाही. ‘इथे सुरू करू, मग तिकडे बदली करू’ असंही होतं, बदलीपत्र मिळतं, पण त्यात पुन्हा एक चिठ्ठी, पुन्हा एक पाकीट. ज्या माणसाचा पाय एका चिठ्ठीवर अडला, त्याच्या हातात दुसरी कशाला द्यायची?

महाराष्ट्रातली चिठ्ठी गुजरातेत चालते. कार्यक्रम सगळ्या देशाचा एकच, औषधही तेच, फुकट. उधना, लिंबायतकडे आपली इतकी माणसं आहेत की मराठी-हिंदीवर काम भागतं. चिठ्ठी चुरगळली असली तरी चालते, सहा आठवडे जुनी असली तरी चालते. हरवली तर जिथे तपासणी झाली त्या आयसीटीसीला, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्राला, फोन करा, नोंद त्यांच्याकडे असते. तसाही तो फोन त्याने करावाच. तिथल्या काउन्सेलरच्या यादीत त्याच्या नावापुढे ‘पोहोचला नाही’ असा शेरा असणार, आणि ती बिचारी बंद नंबरवर फोन लावत असणार. ‘मी सुरतेला नाव नोंदवतोय’ एवढं सांगितलं की तीही निश्चिंत. उशीर का केला म्हणून कुणी रागावेल ही भीती त्याला असेल तर सांगा, त्या खोलीत उशिरा आलेल्याचं जेवढं स्वागत होतं तेवढं वेळेवर आलेल्याचंही होत नाही.

सुरतेत लूमवरचं कुणी पाहील या धास्तीने त्याने अगदीच नाही म्हटलं, तर मग धुळं. हिरे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एआरटी केंद्र आहे आणि अमळनेरहून धुळं जळगावपेक्षा जवळ पडतं. तो तिकडून रात्रीच्या गाडीने धुळ्याच्या स्टँडवर येईल, तुम्ही सकाळी इकडून. घरी कुणाला कळायचं कारण नाही. पण ही दुसरी वाट आहे, पहिली नव्हे.

केंद्रात काय होतं ते आधी सांगून ठेवा. अर्धी भीती माहीत नसण्याची असते. सकाळी लवकर जा, दिवस मोडणार हे धरून चाला. चिठ्ठी, रिपोर्ट, एखादं ओळखपत्र, दोन फोटो बरोबर ठेवा. आधी नोंदणी होते, नंबर पडतो. केंद्राकडे एक पांढरं कार्ड राहतं आणि त्याच्या हातात एक हिरवं पुस्तक येतं. ते पुस्तक म्हणजे त्याचा सातबारा समजा. देशात कुठेही गोळ्या संपल्या, गावी अडकला, गाडी चुकली, तर ते पुस्तक घेऊन जवळच्या एआरटी केंद्रात जायचं. मग काउन्सेलर बोलते. वजन होतं, रक्त घेतात : सीडीफोर, हिमोग्लोबिन, यकृत, मूत्रपिंड, कावीळ ब आणि क, गुप्तरोगाची तपासणी. छातीचा एक्स-रे. आणि चार प्रश्न प्रत्येक भेटीला विचारतात : खोकला आहे का, ताप आहे का, वजन उतरलंय का, रात्री घाम येतो का. हा क्षयाचा शोध असतो. खरं उत्तर द्यायला सांगा. पुरुष माणसं ‘खोकला’ शब्दाला ‘बिडीमुळे’ जोडून मोकळी होतात.

त्या बाकाबद्दल एक सांगते. तिथे बसलेलं कुणी कुणाकडे पाहत नाही. सगळ्यांना एकदमच मोबाइलमधे काहीतरी महत्त्वाचं सापडलेलं असतं. बायका पदर पुढे ओढतात, एखादा म्हातारा टोपी डोळ्यांवर घेतो. महिने गेले की तीच माणसं एकमेकांसाठी जागा धरतात, ‘यंदा कपाशीला काय भाव?’ सुरू होतं. पहिला दिवस मात्र शांत असतो. तुम्ही बरोबर असाल तर बडबड करायची गरज नाही. डबा न्या. दुपारी दोघं बाहेर झाडाखाली बसून भाकरी खा.

सगळ्यात महत्त्वाची नोंद मात्र लोक घाईत उरकतात : फोन नंबर. गोळ्या न्यायला माणूस आला नाही की केंद्रातून फोन येतो. त्याने सिम बदललं की धागा तुटला. म्हणून दोन नंबर द्यायचे, एक त्याचा, दुसरा तुमचा, तुमची तयारी असेल तर. आणि तिथेच सांगून ठेवायचं की कुठल्या वेळी करावा, दुसऱ्याच कुणी उचलला तर काय म्हणावं. दुपारी दोन ते चार हे घरात नसतात, असं काही असेल तर तेही सांगा. काउन्सेलरला यात नवं काही वाटत नाही. माझ्या एका पेशंटने मला ‘बियाण्याच्या दुकानातून बोलतेय’ असं म्हणायला शिकवलं होतं. त्याच्या आईने एकदा माझ्याकडे कपाशीच्या दोन पिशव्या मागितल्या.

गोळी बहुतेकांना दिवसाला एकच, तीन औषधं एकात. त्यातलं नवं औषध डोल्युटेग्रॅव्हिर, ते विषाणूला लवकर दाबतं आणि अंगाला जुन्या गोळ्यांइतका त्रास देत नाही. पहिले काही दिवस डोकं दुखणं, मळमळ, झोप उडणं होऊ शकतं. झोप उडाली तर रात्रीऐवजी सकाळी घेता येते, डॉक्टरला विचारून. रात्रपाळीच्या माणसाने वेळ पाळीवर न बांधता घड्याळावर बांधावी, कारण पाळी दर आठवड्याला फिरते. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या आणि ॲसिडिटीची पांढरी बाटली या औषधाच्या आड येतात, त्यामुळे मेडिकलमधून असं काही घेण्याआधी केंद्रात विचारायचं.

आणि मग येतो चौथा-पाचवा महिना. मला रिपोर्टच्या दिवसापेक्षा याची धास्ती जास्त वाटायची. माणूस बरा असतो, भूक लागते, गाल भरतात, गोळी म्हणजे रोज रात्री ‘तू आजारी आहेस’ म्हणणारी एकच वस्तू उरते. मग दोन दिवस चुकते, मग आठवडा. चुकत राहिली की विषाणू औषधाला सरावतो आणि ती सोपी गोळी हातची जाते. त्या महिन्यांत तुमचा फोन हवा. ‘गोळी घेतली का’ असं रोज विचारू नका, तो कंटाळेल आणि खोटं बोलायला लागेल. ‘रक्त कधी द्यायचंय?’ एवढं विचारा. सहा महिन्यांनी विषाणूची मोजणी होते, व्हायरल लोड म्हणतात. मग बारा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. तो आकडा त्याच्या मेहनतीचा निकाल असतो, त्याबद्दल विचारलेलं आवडतं. बस्तान बसलं की गोळ्या एकदम तीन महिन्यांच्या मिळू शकतात, म्हणजे खाडे कमी.

लग्नाचं. इथे मी कडक आहे. व्हायरल लोड इतका खाली गेला की मोजणीत सापडत नाही, आणि तो तसाच टिकला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे शास्त्राने पक्कं झालंय. म्हणजे त्याचं लग्न होऊ शकतं, निरोगी मुलंही होऊ शकतात. एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे वधूवर मेळावेही महाराष्ट्रात भरतात. पण दिवाळीनंतर मुलगी पाहायला जायचं नाही. सासूबाईंना ‘यंदा नाही’ हे त्याने स्वतः सांगावं. हर्नियाचं ऑपरेशन बाकी आहे, ते कारण खरंही आहे आणि पुरेसंही. पुढे लग्न ठरेल तेव्हा त्या मुलीला आधी कळलंच पाहिजे, त्याच्या तोंडून, हवं तर काउन्सेलरच्या समोर. न सांगता कुंकू लावायला निघाला तर तुम्ही गप्प बसणार नाही, हे त्याला आजच सांगून ठेवा. आज सांगितलेलं दोघांना सोपं जाईल.

त्या खासगी दवाखान्याने जे केलं ते चुकीचंच. 2017 चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी करायची नाही, लेखी संमतीशिवाय रिपोर्ट बाहेर फोडायचा नाही, आजारामुळे उपचार नाकारायचे नाहीत. कंपाउंडरसमोर सांगणं यात कुठे बसतं ते तुम्हीच बघा. भांडायचं असेल तर पुढे भांडू. ऑपरेशन सरकारी रुग्णालयात होईल, एआरटीच्या डॉक्टरांनाच विचारा कधी करायचं. आणि जो नियम दवाखान्याला तोच आपल्यालाही. त्याने तुम्हाला विश्वासाने सांगितलं, तुम्ही ह्यांना सांगितलं तर पुढचा फोन तो उचलणार नाही. तो औषधावर स्थिर झाला की स्वतः दादाला सांगेल, तेव्हा हवं तर शेजारी बसा.

मुळीबद्दल : नको. रक्त साफ करणारी मुळी सातपुड्यात नाही आणि हिमालयातही नाही. पण त्याने ती सुरू केली असेल तर ओरडू नका. डॉक्टरला दाखवायला पुडी बरोबर घेऊन जा.

घरात त्याचं ताट वेगळं करायचं काही कारण नाही. कानबाईचे रोट एकत्र खाल्ले असतील ना श्रावणात? मग तसंच. ब्लेड त्याचं त्याचं असू द्या, ते तर कुणाचंही असावं.

तुमची झोप राहिली. तुम्ही हे सहा आठवडे एकटीने पोटात ठेवलंय. 1097 हा एड्सचा मोफत हेल्पलाइन नंबर आहे, मराठीत बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही. त्याच्यासाठी करू नका, स्वतःसाठी करा. धुणं घेऊन नदीवर गेल्यावर करा. सुरतेतलं जवळचं केंद्र कोणतं, कुठल्या वाराला नवीन नोंदणी घेतात, हेही तिथेच विचारून घ्या.

आता दिराला फोन लावाल तेव्हा ‘तू जा’ म्हणू नका. सहा आठवडे तेच म्हणताय. आपल्या बोलीत सांगा : ‘भाऊ, तू एकला नको जाऊ. मी येस तुना संगे. बुधवारनी सुट्टी टाक.’ वार नक्की सांगा, मग तो नाही म्हणाला तरी बुधवारबद्दल म्हणेल, गुरुवार सुचवेल. तिकीट काढून ठेवा. डब्यात कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा घ्या, सुरतेत त्याला ते मिळत नसणार. आणि निघताना एकच आठवण करा, पाकीट घरी विसरू नको.